खालचा खण

कॅडो फ्लॅट या गावातल्या बँकेत एर्लीन स्टबलफील्ड बत्तीस वर्षं एकाच खिडकीमागे बसली. तिच्या घराण्यात सावलीत बसून पगार घेणारी ती पहिलीच. आजोबांनी लोकांच्या शेतात कापूस वेचला, बापाने लोकांच्या तेलविहिरी राखल्या, आणि दोघांनी मिळून मागे ठेवलं ते गावाबाहेरचं लाकडी घर आणि भोवतीची अकरा एकर खडकाळ जमीन. तिच्यात काटेरी झुडपांखेरीज काही धरत नसे. एर्लीन नोकरीला लागली तेव्हा आई चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटली होती, "आमची पोरगी आता पंख्याखाली बसते!"

लग्न दोनदा जमत आलं होतं. पहिल्या वेळी बाप अंथरुणाला खिळला, दुसऱ्या वेळी आई. आईचं दुखणं नऊ वर्षं चाललं आणि एर्लीनचा पगार त्यातच जिरला. आई गेली तेव्हा घरात ती आणि धाकटा भाऊ वेंडल, एवढेच उरले. वेंडल पन्नाशीला टेकलेला. तरुणपणी रोडिओच्या खेळात उधळ्या घोड्याने फेकला तेव्हापासून त्याचा उजवा पाय अधू होता; उभा राहिला की सगळा भार डाव्यावर. काम मिळायचं आणि सुटायचं. घराचा कर पाच वर्षं थकला होता. लिलावाची नोटीस फ्रिजच्या दारावर चिकटवलेली होती. दूध घ्यायला दार उघडताना रोज दोघांना दिसायची. बोलत कुणीच नसे.

रविवारी जेवताना मात्र एर्लीन बँकेतल्या गमती सांगायची. असंच एकदा बीन्स वाढता वाढता म्हणाली, "आमचा नवा मॅनेजर प्रॅट म्हणजे एक नमुना आहे. तिजोरी अडकते म्हणून गुरुवारी सकाळी येणारी सगळी रोकड माझ्या खालच्या खणात टाकतो. वर कॉफीच्या कपांचं खोकं. मला, शेजारच्या खिडकीवरच्या यसेनियाला आणि त्याला, तिघांनाच माहीत."

"आणि आता मला," वेंडल म्हणाला. दोघं हसले.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी बँक उघडून दहा मिनिटं झाली असतील, तोंडाला फडकी बांधलेले दोन पुरुष आत शिरले. एक पिस्तूल घेऊन सरळ एर्लीनच्या खिडकीशी आला. आवाज अनोळखी होता.

"बाई, घाबरू नका. वरचं राहू द्या. खालचा खण उघडा. ते खोकं बाजूला करा."

तिने दाराकडे पाहिलं. दुसरा तिथे पाठमोरा, रस्त्यावर नजर ठेवून उभा होता. सगळा भार डाव्या पायावर.

गुडघ्याजवळच धोक्याच्या घंटेचं बटण होतं. तिने गुडघा हलवला नाही.

दुपारी तपासाला शेरीफ हॉलिस आला. तो शाळेत तिच्याच वर्गातला. "ओळखीचं काही वाटलं का गं?"

"फडकी होती. काय ओळखणार?"

घरी आली तेव्हा वेंडल पायरीवर बसून बटाटे सोलत होता. आयुष्यात कधी न केलेलं काम.

"कोण होता तो दुसरा?" तिने विचारलं.

"तुझ्या ओळखीचा नाही. गेला तो, परत यायचा नाही." सुरी चालूच. "आईचं घर आहे, एर्ली. कुणाच्या घशात घालायचं?"

"आणि मी? मला काय समजलास तू?"

"तुला काही माहीतच नाही. तेच बरं."

चार दिवसांनी फ्रिजवरची नोटीस गेली. तिच्या जागी कर भरल्याची पावती आली. तिने ती काढून फाडायला घेतली, आणि फाडता येईना. घडी करून आईच्या बायबलमध्ये ठेवली.

पोलिसांनी साधा हिशेब केला. खणाचं तिघांनाच ठाऊक. मॅनेजर सुटला, बत्तीस वर्षं नोकरीतली एर्लीन सुटली, उरली यसेनिया. सहा महिन्यांपूर्वी लागलेली, त्यात चुलतभाऊ तुरुंगात. तिची गाडी उचकटली, घराची दोनदा झडती झाली, प्रॅटने तिला घरी बसवलं. एक दिवस ती बँकेच्या मागच्या दाराशी येऊन थांबली. डोळे सुजलेले.

"मिस एर्लीन, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. माझ्या सासूने मला पोरांसकट निघ म्हटलंय."

एर्लीनने तिचा हात धरला.

त्या संध्याकाळी ती वेंडलसमोर उभी राहिली. "शनिवारपर्यंत हॉलिसकडे जा. नाहीतर मी जाते."

"जा की! आणि खणाचं मला सांगितलं कुणी, हे विचारतील तेव्हा? मला वीस वर्षं झाली तर तुला दहा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "घर पण जाईल, बाई."

शनिवारी सकाळी ती एकटीच हॉलिसच्या कचेरीत गेली. "खणाचं माझ्या तोंडून फुटलं. जुलैत चर्चच्या जेवणात. चाळीसएक माणसं होती, मी रंगवून रंगवून सांगत होते. यसेनियाचा काही संबंध नाही."

हॉलिसने लिहून घेतलं. पेन खाली ठेवून म्हणाला, "वेंडल होता का जेवणाला?"

"वेंडल चर्चला येत नाही. तुला माहितेय."

"हो. माहितेय." त्याने पेन पुन्हा उचललं. "आणखी काही लिहायचंय, एर्लीन?"

"नाही."

यसेनिया सुटली. एर्लीनला सोमवारीच काढलं, पेन्शन पुरी व्हायला तीन वर्षं होती तेव्हा. प्रॅटने तिचं सामान खोक्यात भरून दाराबाहेर ठेवलं होतं. ते ऐकून वेंडलने टोपी चढवली, म्हणाला, "मी जातो, सांगून टाकतो." टोपी घालून तो तासभर खुर्चीत बसला. मग उठून टोपी खुंटीला अडकवली.

आता ती नाक्यावरच्या धुलाईच्या दुकानात लोकांच्या चादरींच्या घड्या करते. यसेनिया कपडे घेऊन येते तेव्हा मिठी मारते आणि लटकं रागावते, "काय हो, तुमची जीभ!" अमारिलो शहरातल्या मावसबहिणीने दोनदा बोलावलं, "ये माझ्याकडे, काय ठेवलंय तिथे?" एर्लीन म्हणते, वेंडलच्या जेवणाचं कोण बघणार? खरी भीती वेगळी. एकटा पडला की तो पितो, आणि प्याला की बोलतो. आणि गावातच वेगळं राहावं तर स्वतःची खोली भाड्याने घ्यायची ऐपत कुठाय? डोक्यावर छप्पर आहे ते त्या लुटीच्या पैशाने राहिलेलं.

आठवड्यातून एकदा हॉलिसची गाडी घरासमोरून हळू जाते. व्हरांड्यातून वेंडल हात वर करतो. हॉलिसही करतो. एर्लीन तेवढ्या वेळापुरती आत जाते आणि गाडीचा आवाज विरेपर्यंत नळ चालू ठेवते.