डॉक्टर आणि कंपाउंडरचा अबोला

माझी थोरली दीड वर्षाची असताना तिला खोकला झाला, आणि त्याच दिवसांत मंगरूळपीरच्या आमच्या डॉक्टरांचा आणि त्यांच्या कंपाउंडरचा अबोला चालू होता. खोकल्यापेक्षा त्या अबोल्यानंच मला जास्त दमवलं.

त्या दवाखान्याची रीत अशी होती. आत डॉक्टर बसत. नाडी बघत, छातीला नळी लावत, चिठ्ठी लिहीत. मधे हिरवा पडदा. पडद्याबाहेर, खिडकीशी, कंपाउंडर. आपण घरून नेलेली बाटली ते धुऊन घेत, औषध करून तिच्यात भरत आणि कातरीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी वरून चिकटवत. एका खाचेपर्यंत एका वेळचं औषध. आम्ही बाया डॉक्टरांसमोर काही बोलत नसू. ते विचारतील त्याला हो म्हणायचं आणि खरं दुखणं खिडकीशी सांगायचं. मग कंपाउंडर पडदा सरकवून आत ओरडत, "साहेब, हिच्या पोटात आग पडून राह्यली म्हन्ते." डॉक्टर आतूनच औषध बदलून सांगत. असा त्या दोघांचा मिळून एक डॉक्टर होता.

बिघडलं ते सीताफळांवरून. रिसोडकडचा एक म्हातारा बरा झाला, टोपलीभर सीताफळं घेऊन आला आणि टोपली सरळ खिडकीत ठेवून म्हणाला, की कंपाउंडरच्या हाताला गुण आहे. डॉक्टरांना त्यानं लांबूनच रामराम केला. कंपाउंडरनं टोपली घरी नेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले म्हणे, की आता नाडीही तुम्हीच बघत जा. तेव्हापासून पडदा सरकला नव्हता.

एरवी सासूबाई बरोबर असत आणि त्याच बोलत. तेव्हा त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. हे वावरात. मी एकटीच पोरीला घेऊन बसनं आले. इथूनच आधी नेलेलं औषध पोटात गेलं की ती लगेच ओकायची. दूधसुद्धा ठरत नव्हतं. अंगातलं झबलं सैल व्हायला लागलं होतं आणि मला फार भीती वाटत होती.

डॉक्टरांनी विचारलं, औषध देता ना? मी मान हलवली. रोज? पुन्हा हलवली. त्यांनी तेच औषध लिहून दिलं. खिडकीशी आल्यावर मी सगळं सांगितलं. कंपाउंडर किन्हीराजाचे, माझ्या माहेरचे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायची. त्यांचा हात सवयीनं पडद्याकडे गेला आणि मधेच थांबला.

"साहेबाले जाऊन सांग," ते म्हणाले.

"तुमीच सांगा ना, भाऊ."

"आमचं बोलनं नाई. पन हे त्याईले कळल्याशिवाय मी बाटली भरत नाई."

मी आत गेले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, की भाऊ म्हणतात, पोरगी औषध ओकून टाकते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "विचारा त्यांना, किती वेळानं ओकते." मी त्या पोरीची आई, पोरगी माझ्याच कडेवर, तरी मी मुकाट्यानं बाहेर जाऊन भाऊंना विचारलं. भाऊंनी मला विचारलं. मी म्हटलं, लगेच. ते म्हणाले, मग सांग, लगेच. माझंच उत्तर घेऊन मी आत गेले. मग खोकून ओकते की नुसती, हे विचारायला बाहेर आले. मग तिची आई तिला काय खाऊ घालते, हे विचारायला पुन्हा. बाकावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यातली एक म्हणाली, हिला आता पगार चालू करा.

तेवढ्यात पोरीला ढास लागली. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहिलं, आणि ढास थांबल्यावर तिनं माझ्या खांद्यावर मानच टाकली. मी पडदा धरून दारात उभी होते. घरातही कधी माझा आवाज वर गेला नव्हता.

"तुमी दोघं एकमेकाईसंग बोला, नाईतर माह्यासंग बोला. पोरगी माही हाय, अन् ती सुकून राह्यली."

बाकावरचं हसू थांबलं. पडदा माझ्याच हातानं पुरता सरकला होता. डॉक्टरांनी मला जवळ बसवून एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं. मधूनच भाऊ खिडकीतून काही विचारत, त्यांनाही सांगितलं. शेवटी डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले, की पातळ औषध बंद, आता पुड्या करा, मधातून चाटवायच्या. भाऊ खलाकडे बघत म्हणाले, "लहान लहान बांधू का, साहेब?"

"बांधा."

पहिली पुडी तिथंच द्यायची ठरली. मी बोटानं चाटवली. डॉक्टर भांडं घेऊन समोर उभे राहिले, भाऊ फडकं घेऊन, आणि दोघेही पोरीच्या तोंडाकडे बघत राहिले. बाया दारातून डोकावत होत्या. पोरीनं ओठ मुडपले तसे डॉक्टर भांडं घेऊन पुढे वाकले. तिनं मध चाटला आणि माझं बोट परत तोंडाकडे ओढलं.

बऱ्याच वेळानं भाऊ म्हणाले, "राह्यलं पोटात."

डॉक्टर "हं" म्हणाले. ते मला नव्हतं, भाऊंना होतं.