कार्मेनबाईंची उशी

साताऱ्याहून निघताना हातातल्या पिशवीत मी क्रोशाची सुई ठेवली होती. मुंबईच्या विमानतळावर तपासणी करणाऱ्या मुलीने ती वर धरून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "विणायची सुई, बाळा." तिने हसून ती परत दिली आणि माझा जीव भांड्यात पडला. मुलीच्या फ्लॅटमध्ये महिनाभर नुसतं बसणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

माझी मुलगी मुग्धा सिंगापुरात बुकित बातोकला राहते. दहाव्या मजल्यावरून झाडं भरपूर दिसतात, पण बोलायला माणूस नाही. नात ईरा माझं विणकाम बघून तिथल्या ढंगात म्हणाली, "आजी, सो स्लो ला!" तीस वर्षं शाळेत वर्ग गप्प बसवले, पण हिला गप्प बसवणं काही जमेना. शेवटी मुग्धाच म्हणाली, "आई, माझ्या ऑफिसातल्या पॉलच्या आई इथे असतात. माल्टाच्या आहेत. त्या पण लेस विणतात. जातेस का भेटायला?"

तोवर माल्टा म्हणजे नकाशावर बोट ठेवलं की झाकून जाणारं बेट, एवढंच मला माहीत. जुरोंग ईस्टला गाडी बदलताना मी उलट्या दिशेला चढले, दोन स्टेशनं गेल्यावर चूक कळली. मग परत फिरून, पुढे बस धरून, घामाघूम होऊन ईस्ट कोस्टला पोहोचले. समोर समुद्र आणि त्यावर ओळीने थांबलेली मालवाहू जहाजं. पॉलच्या फ्लॅटच्या दारात त्याच्या आई, कार्मेनबाई, उभ्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ठेंगण्या, हात मात्र मोठे. दोघींचंही इंग्रजी तोडकंमोडकं, त्यामुळे कुणी कुणाला हसायचा प्रश्न नव्हता.

त्यांनी खजूर भरलेल्या तळलेल्या वड्या पुढे केल्या. आपल्या करंजीची बहीण शोभावी अशी चव. मग खोलीत नेऊन त्यांनी 'त्रायबू' (लेस विणायची लांब, लोडासारखी उशी) दाखवली. तिचं एक टोक भिंतीला टेकवलेलं, दुसरं मांडीवर. वर टाचण्यांचं रान आणि त्यातून खाली लोंबणाऱ्या चाळीस 'चोंबिनी' (रेशीम गुंडाळलेल्या लाकडी कांड्या). बाई त्या दोन्ही हातांनी इकडून तिकडे टाकू लागल्या तेव्हा टकटक असा गोड आवाज खोलीभर झाला. मधाच्या रंगाच्या रेशमात गव्हाच्या ओंब्या आणि आठ टोकांचा क्रूस उमटलेला. पॉलच्या मुलीचं डिसेंबरात लग्न, तिच्या डोक्यावरच्या ओढणीसाठी ही पट्टी.

पॉल बहुतेक दिवस घरूनच काम करायचा, त्या दिवशीही घरीच होता. तो कौतुकाने म्हणाला, "आंटी, इथल्या दमट हवेत या उशीत भरलेल्या वाळक्या काडाला बुरशी आली होती. वास यायचा. मग मीच सगळं उसवून फोम भरला. दोन रविवार लागले!" कार्मेनबाई त्याच्याकडे बघून हसल्या.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. टकटक चालूच होती. पण आयुष्यभर टाके मोजलेल्या बाईचे डोळे माझे. क्रुसाचं तिसरं टोक अर्धं होतं, तसंच अर्धं होतं. तिसऱ्या खेपेलाही तेच. पॉल बाहेर गेलेला बघून मी विचारलंच.

बाईंनी उठून दार लोटलं. एक टाचणी घेऊन उशीत रोवली आणि बोटाने हलवली. टाचणी लवली, तिच्यावरचा धागा सैल पडला.

"काडात टाचणी घट्ट उभी राहते. यात नाही राहत," त्या म्हणाल्या. "जे विणते ते बिघडतं. मग मी सोडवते."

"मग रोज ही टकटक कशाला?"

"तो शेजारच्या खोलीत ऐकतो. आवाज थांबला की येतो. 'ममा, काय झालं?'"

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "सांगून टाका की! तुमचाच मुलगा आहे. तिकडून नवं काड मागवेल."

त्यांनी मान हलवली. ते काड त्यांच्या आईने भरलेलं होतं, माल्टातल्या गोझो बेटावरच्या स्वतःच्या शेतातल्या जवाचं. आता त्या शेतात हॉटेल आहे. गल्लीत दारोदारी बसून लेस विणणाऱ्या बायका राहिल्या नाहीत. दुकानात मशीनची लेस गठ्ठ्याने मिळते, घेणाऱ्याला फरक कळत नाही. "पॉलने ते काड इमारतीच्या कचरा खाली सोडायच्या नळीत टाकलं. काय टाकलं ते त्याला ठाऊक नाही. कळलं तर रडेल. लहानपणी फार रडायचा."

मी घरी येऊन दोन दिवस तळमळले. मग बुकित बातोकच्या एका दुकानात सशांसाठी विकतात तो वाळका चारा मिळाला. पिशवी भरून घेऊन गेले. मोठा शहाणपणा केल्याच्या थाटात ती त्यांच्या मांडीवर ठेवली. बाईंनी मूठभर चारा नाकाशी धरला आणि खूप वेळ तसाच धरून ठेवला. "हे गवत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मऊ. टाचणी नाही धरणार." पण पिशवी त्यांनी परत दिली नाही, पलंगाच्या उशाशी ठेवली. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

निघण्याच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेले. कार्मेनबाईंनी कात्री घेतली, उशीवरच्या दोन कांड्यांचा धागा कापला आणि ती जोडी माझ्या हातात ठेवली. या कांड्या जोडीजोडीनेच चालतात, एक जोडी गेली की नक्षी पुढे जाऊच शकत नाही, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी नको नको म्हणत राहिले. त्यांनी माझी मूठ बंद केली.

पॉल मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. मागे दाराआडून टकटक सुरू झाली. तो थबकला, त्याचा चेहरा उजळला. "ऐकलंत, आंटी? हा आवाज असला की मला घरी असल्यासारखं वाटतं. डिसेंबरपर्यंत लेस होईल ना पुरी?"

कांड्या माझ्या पर्समध्ये होत्या. मी म्हटलं, "छान चाललंय."

साताऱ्याला येऊन महिना झाला. पुष्कळ देश बघणाऱ्या लोकांसारखं मला काही मोठं सांगता येणार नाही. एवढंच कळलं, की एखादी कला कुणी दुष्टपणे मोडत नाही. कधी कधी पोटचं पोर दोन रविवार खपून, प्रेमाने मोडतं आणि आईला ते बोलताही येत नाही. काल मुग्धाने फोनवर विचारलं, "आई, कार्मेन आंटींची लेस कुठवर आली होती गं? पॉल विचारत होता."

"होत आली होती," मी म्हटलं, आणि फोन ठेवून ती जोडी हातात घेतली. दोन्ही कांड्या एकमेकींवर आपटल्या, तर तस्साच आवाज आला.