उघड्या डोळ्यांचा बडग्या

दार वाजवलं की तो ते चार बोटं उघडायचा. त्या फटीतून एक डोळा, अर्धी मिशी आणि एक वाक्य बाहेर यायचं, "काही नाही काका, पडून राहिलो होतो."

सकाळी जा, भर दुपारी जा, दिवे लागताना जा. वाक्य तेच. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. तुम्ही त्याची दाराबाहेरची चप्पल पाहिली असेल, चेहरा नाही. नागपुरात महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्याला सगळे 'वरचा' म्हणत, म्हणजे समोरच्या घराच्या वरच्या खोलीतला. नाव मला नंतर कळलं, पण ते इथे लिहिलेलं त्याला आवडायचं नाही.

तो भिवापूरकडचा, मिरची पिकवणाऱ्या घरातला, पंचविशीचा. इथे एकटा खोलीत बसून कुठल्याशा परदेशी कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी टाइप करून सोडवायचा. त्यांचा दिवस ती आपली रात्र. खिडकीच्या काचांना आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं. जेवण डिलिव्हरीवाले आणत. त्याचा सबंध चेहरा गल्लीत फक्त त्यांनाच ठाऊक होता.

आता माझी ओळख. मी विमा एजंट. बंद दारं उघडून घेणं हा माझा धंदाच, तेव्हा हे दारही मी अंगावर घेतलं. एका रविवारी तर्री-पोहे घेऊन वर गेलो आणि ताटली हातात तशीच धरून लवकर उठण्याचे फायदे सांगू लागलो. पोहे गार झाले, तर्रीवर तेलाची साय आली, तरी माझे फायदे संपेनात. तो फटीतून "हो काका, बरोबर काका" म्हणत राहिला. शेवटी मी म्हणालो, "इतकं झोपणं चांगलं नसते गा." तो हसला. मी समजलो, पटलं. माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा नागपुरात नाही!

तर मारबत आली. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, बाईचा अवाढव्य पुतळा. गावाची इडापिडा, रोगराई तिच्याबरोबर वेशीबाहेर जाऊन जळावी, म्हणून सगळं गाव ओरडत मागे निघतं. सोबत असतात बडगे. वर्षभर ज्यानं छळलं त्याचा पुतळा करायचा, मिरवायचा आणि जाळायचा. महागाई, भ्रष्टाचार, काय वाटेल ते. आमच्या गल्लीचा बडग्या मी बनवतो, कारण मला कला येते असा माझा समज आहे. आदल्या वर्षी मी केलेल्या रस्त्यातल्या खड्ड्यांच्या बडग्याचं मुंडकं भर मिरवणुकीत बँडवाल्याच्या ढोलावर आदळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ते कार्यक्रमातच आहे.

या खेपेला विषय मीच सुचवला, आळशी तरुण. बांबू, भाताचं तणस आणि रद्दीचा हा जंगी गडी खाटेवर पसरलेला, हातात पुठ्ठ्याचा मोबाइल, डोळे गच्च मिटलेले. पाटी, 'आळस घेऊन जा गे मारबत!' गल्ली हसून हसून आडवी झाली, आणि माझ्यातला कलावंत चेकाळला. समोरच्या गॅलरीत वाळत असायचा तसला मरून रंगाचा टीशर्ट आणून मी पुतळ्याला घातला. मिशी लावली ती अर्धीच, कारण तेवढीच पाहिली होती.

बायको म्हणाली, "अहो, पोट्टा पाहीन ना!"

"तो कुठं खाली येते?" मी म्हणालो.

आला. मारबतीच्या आदल्या दुपारी मी स्टुलावर चढून पुतळ्याचे केस चिकटवत होतो, तर मागचं हसणं एकदम थांबलं. वळून पाहतो तो 'वरचा' खाली! उजेडानं डोळे बारीक केलेले, अंगात तोच मरून टीशर्ट. मिशी पूर्ण होती.

तो बडग्याकडे पाहत राहिला. मी स्टुलावरूनच सारवासारव केली. "हा... हा आपला असाच आहे बरं. कोणी पण असू शकते."

"डोळे चुकले, काका," तो म्हणाला.

"आँ?"

"हा झोपून राहिला ना. मले झोप येत नाही. उन्हाळ्यापासून नाही. मी पडून राहतो फक्त." त्याचा आवाज घोगरा, बऱ्याच दिवसांत न वापरलेला. "दिवसभर तुमचे सगळ्यांचे आवाज ऐकतो. काकूचा कुकर, भाजीवाला, तुमचं फोनवर विमा सांगणं. रात्री टाइप करतो. बोलाले कोणी नाही. परवा स्वतःशीच बोललो, तं माझाच आवाज मले ओळखू नाही आला." मग अगदी हळू, जणू मी डॉक्टर असल्यासारखं त्यानं विचारलं, "काका, मी पागल होऊन राहिलो का?"

मी स्टुलावर, हातात डिंकाचा डबा. आयुष्यभर दारोदार बोललेला माणूस डब्याचं झाकण शोधू लागला.

बायको पुढे झाली. "पागल तं हे आहेत. तू आत चाल, पहिले जेव. घरी सांगितलं का?"

"नाही काकू. बाबा गावभर सांगतात, पोरगं खुर्चीत बसून कमावते म्हणून. त्याईले काय सांगू?"

जेवला. मग स्वतःच बाहेर आला, माझ्या हातातून ब्रश घेतला आणि मिटलेल्या पापण्यांवर दोन डोळे रंगवले. बशीएवढे मोठे, लाल रेघांचे, सताड उघडे. खरं सांगतो, माझ्या अख्ख्या पुतळ्यात तेवढेच जिवंत होते. पाटीवरचा 'आळस' खोडून त्यानं लिहिलं, 'जागरण, एकटेपण घेऊन जा गे मारबत!'

मंडळाचा अध्यक्ष, कोपऱ्यावरचा किराणावाला, कुरकुरला. "भाऊ, पाटी काहून बदलून राहिले? लोकाईले समजन का?"

"समजन," तो म्हणाला.

आणि काय समजलं म्हणता! दुसऱ्या दिवशी इतवारीच्या बाजारात मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. गच्च्या, गॅलऱ्या, दुकानांची छपरं, सगळीकडे माणसं. ढोल असे की छातीतली बरगडी वाजावी. सुरुवातीला तो माझी बाही धरून चालला. मी ओरडलो, "जागरण, एकटेपण..." आणि माझाच घसा बसला. तेव्हा त्यानं घोषणा उचलली. पहिल्यांदा आवाज फाटला, दुसऱ्यांदा निघाला, आणि तिसऱ्यांदा रस्त्याच्या कडेनं उत्तर आलं, "घेऊन जा गे मारबत!"

कोण ओरडलं, पाहता का? पाठीवर बॅगा लावलेली, परीक्षांच्या तयारीला आलेली पोरंपोरी. हॉस्टेलवाले. डिलिव्हरीचा एक गडी तर गाडीवर उभा राहून ओरडत होता! एक मुलगी गर्दीतून घुसत आली, बडग्याच्या डोळ्यांचा फोटो काढला आणि म्हणाली, "भैया, हे तं मी आहो!" अर्धं तरुण नागपूर झोपेविना होतं आणि मी लवकर उठण्याचे फायदे वाटत हिंडत होतो. तो आता पुढे होता, उड्या मारत, घामानं निथळत, आणि त्याच्या प्रत्येक हाकेला रस्ता ओ देत होता.

बडगे जळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्साहानं वर धावलो. "झोप लागली?"

"नाही, काका."

मला धक्काच बसला. खरोखर वाटलं होतं, राख झाली की काम झालं. बायको म्हणाली, "मारबत घेऊन जाते, दवाई नाही देत. डॉक्टरकडे न्या त्याले."

धरमपेठेतल्या मनोविकारतज्ज्ञांकडे आम्ही गेलो. बाहेरच्या बाईनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "पेशंट तुम्हीच ना?" तो इतका खदखदून हसला की आतून नाव पुकारेपर्यंत थांबला नाही. आत बराच वेळ बसला. बाहेर आला तेव्हा डोळे ओले होते. "डॉक्टर म्हणतात, मी पागल नाही. थकलो आहो. बरं होते म्हणतात हे."

एका झटक्यात काही झालं नाही. औषधं लागली. रात्रीची नोकरी सोडावी लागली. बापाला फोनवर सांगताना तो आमच्या ओसरीत बसला होता. पलीकडून बाप म्हणाला, "घरी ये, पोरा. मी येतो घ्याले." बाप न्यायला येईपर्यंत तो संध्याकाळी आमच्यात बसू लागला. एकदा मी माझा सगळ्यात रंगतदार किस्सा सांगत होतो, विमा विकायला गेलो आणि कुत्र्याच्या तावडीत सापडलो तो. ऐन कुत्रा सुटतो तिथे पाहिलं, तर हा खुर्चीत मान टाकून गाढ झोपलेला. मी दुखावलो. बायकोनं ओठावर बोट ठेवलं आणि कुकरखालचा गॅस बंद केला.

आता तो भिवापुरात असतो. दिवसाची नोकरी मिळाली, सकाळी बापाबरोबर शेतात चक्कर मारतो. वरची खोली रिकामी आहे. जेवणं झाली की कधी कधी त्याचा फोन येतो. "काका, आज डोकं थांबून नाही राहिलं. काही सांगा ना."

मग मी कुत्र्याचा किस्सा सुरू करतो. कुत्रा सुटेपर्यंत पलीकडून 'हं, हं' येत असतं. मग ते येईनासं होतं, आणि नुसता श्वास ऐकू येतो, संथ, लांब. मी फोन ठेवत नाही. आवाज जरा खाली आणतो आणि किस्सा शेवटपर्यंत सांगतो.