उमेकाठचा रामराम

उमा नदीच्या काठावरचं प्रत्येक झाड नावानिशी ओळखणारा माणूस साऱ्या मूल तालुक्यात एकच, आणि माझं नशीब असं की तो माझा शेजारी निघाला. हे शेजारी, भाऊ, वनरक्षक म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त कागदावर. सकाळी कुदळ घेऊन नदीवर निघत आणि मलाही ओढून नेत. वाटेत अर्जुन, करंज, जांभूळ भेटले की बुंध्याला हात लावून रामराम घालत. सुबाभूळ दिसली की मात्र भावकीतल्या वैऱ्यासारखं तिच्या मुळावर उठत. बाहेरून आणलेलं हे झाड, शेंगा फुटल्या की सारा काठ खात सुटतं. एकदा सिंदेवाहीला लग्नाला जाताना रस्त्याकडेला तिच्या वाळलेल्या शेंगा दिसल्या, तर भाऊंनी मला चक्क एस.टी.तून उतरवलं. शेंगा पिशवीत भरून आम्ही पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती. ‘लगन तं होतच राह्यते,’ म्हणाले.

त्यांना खूश करायला मी एकदा सुबाभूळ समजून एक रोपटं उपटून दिलं. निघाला आपला इथलाच चिचवा. पानं तशीच बारीक. भाऊंनी ते पुन्हा लावलं, ओंजळीनं पाणी घातलं. ‘पाहुना समजून घरच्याच मानसाले हाकलून देल्लं तुमी.’ मग आठ दिवस अबोला.

‘भाऊ, सुबाभळीवर एवढा राग काऊन?’ मी शेवटी विचारलंच. त्यांनी कुदळ खाली ठेवली. ‘नवी नोकरी होती. ढोरायले चारा होईल म्हणून बी आलं होतं. ह्या काठानं मीनंच फेकलं जी, गानं म्हनत. मराच्या आधी येवढा एक काठ साफ झाला पायजे.’

वहिनी गेल्या, मग भाऊंचे गुडघे गेले. गेल्या वर्षी मुलानं त्यांना नागपूरला नेलं, सातव्या मजल्यावर. तिथल्या खिडकीतून समोरच्या खिडक्या दिसतात. काठ अर्धाच साफ झाला.

आता रविवारी कुदळ घेऊन मी एकटाच जातो. त्यांचा फोन येतो. ‘कोनतं हाय समोर?’ मी पान सांगतो, शेंग सांगतो. ते नाव सांगतात आणि मग त्या झाडाची सारी कुळकथा. खरं तर चिचवा आणि सुबाभूळ मी आता लांबूनच ओळखतो. तरी विचारतो, ‘भाऊ, हे कोणतं असेल?’ नाव आपणच सांगितलं तर बोलायला काय उरणार?

फोन ठेवताना म्हणतात, ‘अर्जुनाले माहा रामराम सांगा.’ मी बुंध्याला हात लावून सांगतो. आधी आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघून घ्यायचो. आता बघत नाही.