लुपेआत्याचा अर्धा बॅनर

कालोलाइनने आयुष्यात एकही काम तडीस नेलं नव्हतं, आणि डिझाइनच्या वर्गात यालाच प्रयोगशीलता म्हणतात अशी तिची पक्की समजूत होती. चटईच्या विणीतून तिने अक्षरं घडवायला घेतली, ती सातव्या अक्षरापाशी थांबली. चर्चच्या कॅलेंडरात तिने महिने त्या त्या महिन्यात निघणाऱ्या रताळ्यांच्या आकाराप्रमाणे लावले. त्यात ऑगस्ट पहिला आला आणि डिसेंबर मावलाच नाही. शेवटी वेआ सरांनी बजावलं, "शुक्रवारी एक पूर्ण काम दाखव. अर्धवट असेल तर वर्ष वाया गेलं समज."

म्हणून तिने लुपेआत्याच्या सत्तरीसाठी बॅनर केला. सहा फुटी चेहरा, खाली नाव, जन्मसाल आणि त्यापुढे एक रेघ. रेघेपुढे काय लिहावं ते सुचेना. दुकानात जांभळा आणि काळा एवढेच रंग उरले होते. मंगळवारी सकाळी तिने तो कुंपणावर वाळत घातला आणि आंघोळीला गेली.

कुंपणावर जांभळं-काळं लागलं की त्या घरातलं कोणीतरी गेलं, हे टोंगा बेटांवर शेंबड्या पोरालाही कळतं. कालोलाइनलाही कळत होतं, पण त्या दिवशी तिला फक्त रंगसंगती दिसत होती.

ती बाहेर आली तेव्हा अंगणात दुखवट्याला आणलेली दोन कापलेली डुकरं, अकरा चटया आणि चर्चची निम्मी गायनमंडळी होती.

"अहो, आत्या बाजारात गेलीय," ती म्हणाली.

"हो गं बाई, धक्का बसलाय तुला," शेजारच्या पिसिलाकाकू म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्या कमरेला सुतकाची एक फाटकी चटई गुंडाळली. आत्या गेली की भाचरांनी मागे चुलीपाशी राबायचं, तोंड उघडायचं नाही. कालोलाइन अळकुड्या सोलायला बसली.

दुपारच्या बसने लुपेआत्या उतरली.

"कोण गेलं?"

गाणं थांबलं. कोणीतरी कुंपणाकडे बोट दाखवलं. आत्या पिशवी घेऊन बॅनरपाशी गेली.

"नाक मोठं काढलंय," ती म्हणाली.

आणलेलं परत न्यायचं म्हणजे पाहुण्यांचं नाक कापल्यासारखं. म्हणून आत्या पुढच्या चटईवर जाऊन बसली. "थांबलात कशाला? गा. आणि बायकांनो, सूर सांभाळा. खऱ्या वेळेला असलं चालायचं नाही."

चुलीमागे कालोलाइनला हसू आलं, मग रडू आलं. ही बाई एक दिवस खरंच जाणार, हे आजवर तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शुक्रवारी आत्या बॅनर काखेत मारून वर्गात हजर झाली. "चेहरा माझा आहे, मीच दाखवणार." टोंगात बापाच्या बहिणीचा मान घरात सगळ्यांच्या वर; तिला नाही कोण म्हणणार? मंगळवारी तिच्याच दुखवट्यात तीन ताटं जेवलेले वेआ सर तर नाहीच.

त्यांनी खाकरून रेघेकडे बोट केलं. "इथं एक साल घाल. कुठलंही. काम पूर्ण धरतो."

कालोलाइनने ब्रश बुडवला. आत्या खिडकीशी केळं सोलत होती. ब्रश रेघेपर्यंत गेला आणि कालोलाइनने तो परत डब्यात ठेवला.

"अर्धवटच लिहा, सर," ती म्हणाली. "मला जमणार नाही."

सरांनी तसंच लिहिलं. वर्ष गेलं.

आत्याने बॅनर गुंडाळला. "चल घरी. पुढच्या वर्षी मी येते पुन्हा. नाक तेवढं नीट काढ."