चारचाकीला अर्थिंग

हसायचं नाही असं ठरवून बसणार असाल तरच सांगतो. नाही म्हणजे, हसणारच तुम्ही. पण निदान तोंडातला चहा घशाखाली गेल्यावर हसा, माझ्या सदऱ्यावर उडवू नका.

तर दुष्काळाचं साल. त्याआधी आमच्या कड्याकडच्या पट्ट्यात माझं केवढं नाव होतं म्हणून सांगू! कुणाची विहिरीवरची मोटर उचलत नसली, स्टार्टर नुसता खडखडत असला, की बोलवा दत्तूला. पण विहिरीच आटल्या. मोटर चालवायलाच पाणी नाही, तर ती बिघडणार कशी? माझे पाने गंजायला लागले आणि मी बायकोच्या मिक्सरकडं आशेनं बघू लागलो.

अशात आमच्या दूध संस्थेच्या चेअरमननी, म्हणजे आबांनी, एक जुनी चारचाकी फटफटी आणली. हॅंडल फटफटीचं, चाकं मात्र छोट्या ट्रॅक्टरला शोभतील अशी जाड. नगरकडचं कुठलं तरी रिसॉर्ट बंद पडलं, तिथं ती पाहुण्यांना फिरवायला होती. आमच्या वस्तीचा रस्ता नुसता दगडगोट्यांचा, टेम्पो वर चढत नाही. म्हणून दुधाचे कॅन हिच्यावर टाकून डांबरीपर्यंत न्यायचे आणि तिथं टेम्पो गाठायचा. रान गेलेलं, घरं दुधावर चाललेली. टेम्पो चुकला की उन्हानं दूध नासलंच म्हणून समजा. आणि एवढी जोखीम दिली कुणाला? अर्थातच मला!

आणून देणारा माणूस चालवून दाखवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी कॅन बांधले, ऐटीत बसलो, बटण दाबलं. ढिम्म! टक् नाही की टुक् नाही.

फ्यूज बघितला, शाबूत. बॅटरीच्या टोकांवर पांढरं चढलं होतं, ते सोडा टाकून गरम पाण्यानं धुतलं, पॉलिश पेपरनं घासलं. दिवा लख्ख लागतोय, पण गाडी काही उठेना. खालून टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

रानातली मोटर नीट चालत नसली की आपण काय करतो? अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततो. आणि हिला तर अर्थिंगच नाही! चारी चाकं रबराची, जमिनीला लोखंड लागतंय कुठं?

झालं! अंगणात खड्डा घेतला. मीठ टाकलं, कोळसा टाकला, सळई रोवली, सळईपासून वायर गाडीच्या सांगाड्याला जोडली. राहिलं पाणी. टँकर तर आड दिवसानं यायचा. मी घरातली घागर उचलून आणली, तशी माझी बायको कमल मागं धावत आली.

"अवो, प्यायचं पाणी हाय ते! खड्ड्यात कावून वतायलात?"

"तुला यातलं काय कळतं?"

तिनं एका हातानं घागर ओढली, दुसऱ्या हातानं आधाराला गाडीचं हॅंडल गच्च धरलं. घागर कलंडली, पाणी खड्ड्यात गेलं, मी बटण दाबलं आणि ढर्रर्र! गाडी चालू!

मी आनंदात तसाच सुटलो. वायर सोडायची राहिलीच. सळई उपटून मागं खडाखडा आपटत आली, शेरडं दावी तोडून पळाली, पण टेम्पो गाठला.

दुसऱ्या दिवशी तेच. गाडी ढिम्म. मी घागर आणली, कमल घागर वाचवायला हॅंडल धरून उभी, अर्धं पाणी खड्ड्यात, गाडी चालू. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला पटलं नसतं?

मग एकदा डांबरीवर गाडी बंद केली आणि परत उचलेना. तिथंही खड्डा घेतला. चहाच्या टपरीतलं पाणी मागून ओतलं. काही नाही. आणखी ओतलं.

"आता च्या मातीचा करू का बे?" टपरीवाला खवळला.

शेवटी कमलला निरोप धाडला, घरची घागर घेऊन ये. बिचारी उन्हातून घागर घेऊन आली, रागानं हॅंडल आवळून उभी राहिली. मी पाणी ओतलं, बटण दाबलं, गाडी चालू!

"बघितलं? हिला घरचंच पाणी लागतं." घरचं तरी कुठलं? टँकरचंच! पण मला शास्त्र सुचत होतं तेव्हा अडवणार कोण?

"अवो, माजं जरा ऐका..."

"तुला यातलं काय कळतं?"

आता तरी मी गप्प बसावं ना? छे! संस्थेच्या बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, रस्त्यानं ठिकठिकाणी अर्थिंगचे खड्डे घ्या, टँकरमधलं थोडं पाणी त्यासाठी राखून ठेवा. लोक चवताळले. "माणसाला प्यायला न्हाई अन् गाडीला पाजतोय व्हय!"

आबांनी हात वर केला. "दत्तू, समद्यांम्होरं करून दाखव. चालली तर खड्डे मंजूर. न्हाई चालली, तर गाडी तुज्याकडनं काढून घेतली."

संस्थेच्या दारात अख्खी वस्ती गोळा झाली. मी खड्डा घेतला, मीठ टाकलं, पाणी ओतलं, बटण दाबलं. ढिम्म! पुन्हा ओतलं. ढिम्म! माझ्या कानशिलावरनं घाम गळायला लागला, खरंच रडू येईल असं वाटलं.

"कमल! घागर आण!"

कमल गर्दीतून आली, रिकाम्या हातानं. तिनं वायर काढून बाजूला टाकली, हॅंडलवरचा ब्रेक आवळला आणि बटण दाबलं. ढर्रर्र! गाडी बंद केली. ब्रेक सोडून बटण दाबलं. ढिम्म! ब्रेक आवळून दाबलं. ढर्रर्र!

"आबा, ब्रेक दाबल्याबिगर ही उठतच न्हाई," कमल म्हणाली. "मी हॅंडल धरलं की ब्रेक माज्या मुठीत यायचा. मला कवाच कळलंतं. सांगाया गेलते, तर हे म्हणायचे..."

"तुला यातलं काय कळतं!" अख्खी वस्ती एका सुरात ओरडली.

आबा शब्दाचे पक्के. गाडी माझ्याकडनं काढून घेतली आणि कमलला दिली. आता कमल पुढं हॅंडलवर, मधे कॅन आणि कॅन धरायला मी मागं. परवा टपरीवाल्यानं विचारलंच, "वैनी, दत्तूभाऊला कावून उगी मागं बसवून आणता?"

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," कमल म्हणाली. "अर्थिंग हाय ते."