फडक्याखालचं बटण

चिकोडीहून आलेला तो लाइटवाला मी एकदाच पाहिला. नाव विचारायचा धीर मला झाला नाही. बिस्किटाएवढ्या कॉम्प्युटरात काहीबाही लिहून तो आमच्या वाचनालयाचे रंगीत दिवे बटणावर लावणार होता. दिवे तपासताना दर वेळी बटण दाबण्याआधी तो गरम चहावर घालावी तशी त्या कॉम्प्युटरवर फुंकर घालायचा.

मागच्या वेळी उद्घाटन कोणी करायचं यावरून दोन पुढारी भांडले आणि वाचनालयाचं कुलूप तसंच राहिलं. माझी मुलगी तिथं अभ्यासाला बसायची वाट बघत होती.

या वेळी लाइटवाल्यानं दोघा पुढाऱ्यांना एकेक बटण दिलं आणि तिसरं माझ्या चहाच्या टेबलावर फडक्याखाली ठेवलं.

"आक्का, त्यांची नुसती शोभेची हाईत. दोघांचं दाबून झालं की तुम्ही दाबा."

"मी? न्हाय हो अण्णा, कुणी बघितलं तर?"

"तुमच्याकडं कोण बघतंय?"

मला ते लागलं, पण खरं होतं.

दोघांनी दात आवळून बटणं दाबली. मग मी दाबलं. दिवे लागले, कुलूप निघालं. एकानं कन्नडात आणि दुसऱ्यानं मराठीत सांगितलं, की दिवे आपणच लावले.

मी दोघांना चहा दिला. कप घेताना माझ्याकडं कुणीच बघितलं नाही, आणि त्या दिवशी मला त्याचं हसू आलं.